सोलापूरहून ताइनानला: चिनी मुलखात राहायला जाताना

सोलापुरात वाढलेल्या मुलांना चीन पहिल्यांदा भेटतो तो डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. चौघे परत आले, कोटणीस तिथेच राहिले. चिनी बोलायला शिकले, वाचायला-लिहायला शिकले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, हपै प्रांतात वारले. शाळेत ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगायचे. माझ्या मनात तिचा वेगळाच भाग घर करून बसला: सोलापूरचा एक माणूस चार वर्षांत तिथला होऊन गेला होता. चीन बघून यायचं असं मला कधी वाटलं नाही. मला तिथे राहायचं होतं, तिथल्या भाषेत भाजी घ्यायची होती, शेजाऱ्यांशी वाद घालायचा होता, त्यांचे सण त्यांच्यासारखे करायचे होते.

पुढे कॉलेजात असताना ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनातला आपल्याकडचा भाग वाचला. सातव्या शतकात, पुलकेशी दुसरा राज्यावर असताना तो इकडे आला होता. इथले लोक उपकाराची जाण ठेवतात आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव परीक्षेपुरतं येतं. पण आपल्या लोकांचा स्वभाव इतक्या बारकाईनं पाहणारा माणूस ज्या भाषेत लिहीत होता ती भाषा आपल्याला वाचता येऊ नये, याची मला खरोखर हुरहुर लागली.

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात नोकरीला लागले आणि शनिवार-रविवार मँडरिनच्या, म्हणजे प्रमाण चिनीच्या, वर्गाला जायला सुरुवात केली. वर्ग एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दहाबारा जणांचा. बहुतेकांना कंपनीनं पाठवलेलं. इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण मराठी माणसाला ती कुणी सांगत नाही: उच्चारांच्या बाबतीत ही भाषा आपल्याला फार जवळची आहे. मँडरिनचा सगळा डोलारा अल्पप्राण-महाप्राणाच्या भेदावर उभा आहे. प आणि फ, त आणि थ, क आणि ख. रोमन अक्षरांतल्या पुस्तकात 'बी' छापलेलं असतं पण म्हणायचं असतं 'प', 'पी' छापलेलं असतं तिथे ओठ जुळवून 'फ'. इंग्रजीच्या वाटेनं येणारे लोक इथे महिनोन्‌महिने चाचपडतात. आपण ते पाळण्यातच शिकलेलो असतो.

त्याहून मोठी ठेव म्हणजे आपले दोन 'च'. 'चमचा'तला वेगळा आणि 'चार'मधला वेगळा. मँडरिनला हे दोन्ही लागतात. वर्गातल्या हिंदीभाषक मित्रांना पहिला च जमवताना घाम फुटायचा, मला तो घरचा होता. नवा होता तो तिसरा च, 'ट' म्हणताना जीभ जिथे जाते तिथे नेऊन म्हणायचा. सूर मात्र आपल्याकडे नाहीत. चार सूर आणि पाचवा हलका. त्यासाठी घोकंपट्टीच करावी लागते आणि ती मी स्कूटरवर, स्वयंपाक करताना, अंघोळीला पाणी तापेपर्यंत केली.

हे साम्य बरंचसं योगायोगाचं, पण त्याला जोडलेला एक इतिहास आहे आणि तो कळला तेव्हा मी हरखून गेले. चिनी विद्वानांनी आपल्या व्यंजनांची जी ३६ ची यादी लावली, आणि जिचा आरंभ परंपरेनं तांग राजवटीच्या काळातल्या शौवन नावाच्या बौद्ध भिक्षूकडे नेला जातो, ती ओठ, जीभ, दात, कंठ अशा उच्चारस्थानांनी लावलेली आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत वर्णमालेचं शास्त्र तिकडे पोचलं, त्याचा तो परिणाम. तैवानात आजही पहिलीतली मुलं चिनी अक्षरांआधी ३७ उच्चारचिन्हं शिकतात. त्यांना जुयिन म्हणतात, १९१८ साली ती जाहीर झाली, आणि त्यांचीही सुरुवात ओठांपासून होते.

कुठे जायचं हा प्रश्न मी बरेच महिने चघळला. चिनी सरकारची शिष्यवृत्ती होती, बीजिंगची नावाजलेली भाषा विद्यापीठं होती. तरी मी तैवान निवडलं. चीनमध्ये १९५० च्या दशकात अक्षरं सोपी करण्यात आली. तैवान आणि हाँगकाँगनं जुनी, भरगच्च रेघांची अक्षरं तशीच ठेवली. ज्या अक्षरांत जुने ग्रंथ लिहिलेत तीच मला हातानं लिहायची होती. दुसरं कारण देवळांचं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, १९६६ ते १९७६, चीनमध्ये देवळांवर आणि घरातल्या पूजेवर मोठा घाव पडला. बरंच पुन्हा उभं राहिलं, पण तैवानात हा धागा तसा तुटलाच नाही. आणि ताइनान यासाठी, की ते तैवानचं सर्वांत जुनं शहर. डचांनी १६२४ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, १६६२ मध्ये जंग छंगकुंग या चिनी सेनानीनं त्यांना घालवलं, १६६५ मध्ये कन्फ्यूशियसचं मंदिर उभं राहिलं. ते अजून आहे आणि दरवर्षी २८ सप्टेंबरला पहाटे तिथे सोहळा होतो.

शिष्यवृत्तीचं नाव ह्वायू. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची, फक्त भाषा शिकण्यासाठी. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा, म्हणजे २०१८ ला, महिन्याला २५,००० नवे तैवानी डॉलर मिळायचे, त्या वेळच्या दरानं पंचावन्न हजार रुपयांच्या आसपास. विमानाचं तिकीट आपलं, भाषाकेंद्राची फीही त्यातूनच. तीन महिन्यांच्या एका सत्राची फी साधारण एका महिन्याचे पैसे खाऊन टाकते, हे आधीच धरून चालायचं.

खरी वेळखाऊ गोष्ट कागदांची. भारत आणि तैवानमध्ये औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे तैवानचा दूतावास इथे नाही. १९९५ पासून दोन्हीकडे प्रतिनिधी कार्यालयं आहेत आणि व्हिसाही तीच देतात. भारतातल्याचं नाव तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र. तेव्हा ते दिल्ली आणि चेन्नईत होतं. मुंबईत २०२४ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आता महाराष्ट्रातल्या मुलांची बरीच पायपीट वाचेल. परदेशी कागद एकाच शिक्क्यावर मान्य करायच्या हेग करारात तैवान नाही, म्हणून त्या नुसत्या शिक्क्यावर, अपॉस्टिलवर, भागत नाही. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचं साक्षांकन, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग त्या केंद्राचं प्रमाणीकरण. प्रत्येक टप्प्याला कागद कुठेतरी अडकतो. माझा एका कार्यालयात नावाच्या स्पेलिंगवरून अडला. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षरात, एवढंच कारण. प्रतिज्ञापत्र करून ते सुटलं. अर्जात 'हीच भाषा का' याचा निबंध लागतो. त्यात मी कोटणीसांबद्दल लिहिलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, नोकरी चांगली आहे की. शिकून परत येणार ना?"

"बाबा, मला तिथं राहायचंय."

"म्हणजे किती दिवस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तसं मी सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, की तिथं शेंगदाणे मिळतात का. मिळतात, आणि भरपूर मिळतात. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायच्या सणाला, पातळ पोळीत भाज्या भरून वर शेंगदाण्याचं गोडसर कूट घालून गुंडाळी करून खातात. पण ते मला पुढे कळलं. तेव्हा आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांचा डबा बांधून दिला.

सप्टेंबरमध्ये मुंबईहून हाँगकाँगमार्गे ताओयुआन विमानतळावर उतरले, तिथून वेगवान रेल्वेनं ताइनान. हे स्टेशन गावाबाहेर आहे. शहरात यायला दुसरी छोटी गाडी पकडावी लागते. भाषाकेंद्र राष्ट्रीय छंगकुंग विद्यापीठातलं. आवारात वडाच्या जातीचं एक अवाढव्य झाड आहे, १९२३ मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज हिरोहितो यांनी लावलेलं. तैवान १८९५ ते १९४५ जपानकडे होतं हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या झाडाखाली उभं राहिल्यावर प्रथमच वाटलं, की 'चिनी संस्कृती' म्हणून मी जे एकसंध चित्र घेऊन आले होते ते इथे तसं सापडणार नाही.

वर्गाचे नियम कडक. आठवड्याला किमान पंधरा तास, सरासरी ८० च्या खाली गेली किंवा महिन्यात बारा तासांहून जास्त गैरहजेरी झाली, तर त्या महिन्याचे पैसे बंद. वर्गात व्हिएतनामी, जपानी, इंडोनेशियन, एक फ्रेंच आजोबा. शिक्षिका पहिल्या दिवसापासून दुसरी भाषा बोलल्याच नाहीत. रोज सकाळी अक्षरांची छोटी परीक्षा; रात्री चौकटीच्या वहीत तीच तीच अक्षरं गिरवायची. मला ही शिस्त आवडली. अक्षर लिहिण्याचा क्रम ठरलेला असतो, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि तो हातात बसला की डोक्यावरचं ओझं निम्मं होतं. स्वप्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांना हाच भाग रुक्ष वाटतो आणि ते मोबाइलवर टंकून काम भागवतात. त्यांना बोलता येतं, पण दुकानाची पाटी, देवळातला लेख, आजीनं खरडलेली चिठ्ठी यांच्यापाशी ते थांबतात.

व्हिसाची रीत दोन टप्प्यांची: आधी अभ्यागत व्हिसा, चार महिने शिकून झाल्यावर आणि पुढच्या तीन महिन्यांची नोंदणी दाखवल्यावर रहिवासी व्हिसा, मग निवासपत्र. त्यासाठी छातीचा एक्स-रे, रक्त, गोवर-रुबेलाच्या लसीचा दाखला. निवासपत्र हातात आल्यावर सहा महिन्यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव लागतं. ते लागलं तेव्हा मी त्या कार्डाचा फोटो बाबांना पाठवला. त्यांची निम्मी काळजी तिथे मिटली.

खोली मिळाली हायआन रस्त्यामागच्या एका गल्लीत. घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या. सगळी गल्ली त्यांना आमा म्हणायची, म्हणजे आजी, तशी मीही म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, गोमांस खातेस का. ताइनानमध्ये सकाळी सकाळी गोमांसाचं सूप पिणं ही प्रसिद्ध गोष्ट आहे, त्यामुळे नाही म्हणताना मी जरा दबकत होते. त्या म्हणाल्या, मीही नाही खात, आमच्या वडिलांचं शेत बैलावर होतं. जुन्या शेतकरी घरांत अजून बरेच जण याच कारणानं खात नाहीत. चार दिवसांच्या पाहुण्याला जे सांगून कळलं नसतं ते आमाच्या एका वाक्यानं कळलं. शाकाहारी जेवणाची तर इथे चैन आहे. पाटीवर स्वस्तिक असलेली खाणावळ दिसली की आत जायचं. ताट स्वतः वाढून घ्यायचं, वजनावर पैसे. कट्टर शाकाहारी लोक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी मांस खाणारेही तिथे रांग लावतात.

बोलायला मी खरी शिकले ती कचऱ्याच्या गाडीपाशी. तैवानात कचरा जमिनीवर ठेवायचा नाही असा नियम. संध्याकाळी ठरलेल्या वेळी पिवळी गाडी बीथोवेनची धून वाजवत येते आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उतरते. गाडी येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं म्हणजे गप्पांचा अड्डा. कुणाची सून आली, कुणाचं ऑपरेशन झालं, आंबे यंदा कसे आहेत. आणि तिथेच मला धक्का बसला: त्या गप्पांतलं मला अवाक्षर कळत नव्हतं. ते मँडरिन बोलतच नव्हते. दक्षिण तैवानातल्या जुन्या घरांची भाषा तायगी, तिचं मूळ चीनच्या फुजियन प्रांतातल्या मिन्नन बोलीत. मँडरिन इथे १९४५ नंतर चीनमधून आलेल्या सरकारबरोबर आली. १९४९ ते १९८७ मार्शल लॉ होता. आमा सांगायच्या, शाळेत तायगी बोललं की दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवायचे. वर्षानुवर्षं घोकलेली माझी भाषा म्हणजे आमाच्या लेखी शाळेत छडीनं शिकवलेली भाषा होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी ज्या संस्कृतीत राहायला आले होते तिच्या आत किती माणसं आणि किती थर आहेत याचा मी विचारच केला नव्हता. फुजियनहून आलेले होक्लो, हाक्का, १९४९ मध्ये चीनमधलं यादवी युद्ध हरलेल्या सैन्याबरोबर आलेले, आणि या सगळ्यांच्या हजारो वर्षं आधीपासून इथे असलेले मूळनिवासी, ज्यांच्या १६ जमातींना सरकारची मान्यता आहे. ही सगळी माणसं एकाच नावाखाली बसवता येत नाहीत, आणि त्यातल्या अनेकांना तसं बसवलेलं रुचतही नाही. म्हणून मी तायगीही शिकायला घेतली, आमाकडे, रोज एक-दोन वाक्यं. तिच्यात सात सूर आहेत आणि जोडून बोलताना ते बदलतात. अजूनही मी तीत अडखळते, पण अडखळत बोलले तरी बाजारात समोरचा चेहरा उजळतो हे रोज पाहते.

आता माचूबद्दल (च चमच्यातला). समुद्राची देवी. परंपरा सांगते की ती फुजियनच्या मैचौ बेटावर ९६० साली जन्मलेली लिन आडनावाची मुलगी, वादळात सापडलेल्या नावाड्यांना वाचवणारी. सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या लोकांनी तिला बरोबर आणलं. चांद्र तिसऱ्या महिन्यात मध्य तैवानातल्या दाजियाच्या जनलान मंदिरातून तिची पालखी निघते, नऊ दिवस आणि आठ रात्रींत चार जिल्हे पार करत शिनगांगला जाऊन परत येते. अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास. निघायचा मुहूर्त आदल्या कंदिलांच्या सणाला, म्हणजे चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, कौल लावून ठरतो. लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर पडली की देवीचा होकार. कोकण-गोव्याकडच्या माणसाला कौल म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी चांगह्वा जिल्ह्यातल्या टप्प्यात चालायला गेले. सोलापूरच्या मुलीला हे वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. आषाढात आमच्या जिल्ह्यातून पालख्या जातात, आजीचं बोट धरून मी वाखरीपर्यंत चाललेली आहे. तीच रस्त्याच्या कडेला मांडलेली टेबलं, घ्या हो घ्या म्हणत हातात कोंबलेली केळी, गरम पेज, पाण्याच्या बाटल्या. तेच पायाचे फोड, आणि अनोळखी माणसाच्या ओसरीवर पाठ टेकणं. अभंग मात्र नव्हते. त्याऐवजी फटाक्यांच्या माळा, सनईच्या जातीचं वाद्य, धुराचे लोट. आणि एक गोष्ट जी मी आधी कधी पाहिली नव्हती: पालखी यायच्या आधी माणसं रस्त्यावर रांगेनं पालथी झोपतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते. व्हीलचेअरवरच्या आजोबांना दोघांनी उतरवून आडवं केलं. शेजारच्या बाईंनी माझा हात ओढला आणि म्हणाल्या, "चल, झोप, पोरी." मी झोपले. डांबराचा वास, पुढच्या माणसाच्या चपला नाकाशी, आणि मग डोक्यावरून सरकत गेलेली सावली. उठताना मी रडत होते. बाईंनी काही विचारलं नाही, पाठीवरून हात फिरवला आणि पालखीमागे निघून गेल्या.

शिष्यवृत्तीचं वर्ष संपलं तेव्हा परतायचं नाही हे माझं पक्कं होतं. त्याच विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. मग साथ आली. चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी २०२० पासून दोन वर्षांहून अधिक काळ घरीच अडकले. मी इथेच असल्यामुळे शिक्षण सुरू राहिलं, पण सोलापूरला जाता येईना. आजी त्या काळात गेली. फोनवर अंत्यविधी पाहिला. त्यानंतर आमानं तिच्या घरातल्या पूर्वजांच्या ओट्यापाशी मला उदबत्ती लावायला दिली आणि विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय, मी सांगते त्यांना. परदेशी राहायचं स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब आधी मांडावा असं मला कळकळीनं वाटतं, कारण तिकडची घरं माया लावतात तरी इकडच्या खाटेपाशी आपण नसतो.

२०२२ मध्ये यंत्रसामग्री बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, भारतीय ग्राहकांची. परदेशी कर्मचाऱ्याच्या परवान्यासाठी एरवी महिन्याला किमान ४७,९७१ तैवानी डॉलर पगार लागतो. पण तैवानात पदवी घेतलेल्यांसाठी गुणांची पद्धत आहे: शिक्षण, पगार, अनुभव, चिनी भाषेची पातळी, इतर भाषा असे गुण जोडून ७० भरले की पगाराची ती अट लागत नाही. माझ्या अर्जात चिनी भाषेच्या गुणांनी मोठा आधार दिला. चौकटीच्या वहीतल्या त्या रात्री इथे कामी आल्या.

कायमच्या निवासासाठी एरवी पाच वर्षं सलग राहावं लागतं आणि विद्यार्थीदशेची वर्षं त्यात धरत नाहीत. नागरिकत्व घ्यायचं तर भारताचं सोडावं लागेल. ते मी करणार नाही आणि निवासपत्रासाठी त्याची गरजही नाही. यंदा चांद्र तिसऱ्या महिन्यात आईबाबा पहिल्यांदाच येतायत. व्हिसाचे कागद मुंबईच्या केंद्रात दिलेत. बाबांचं नाव या वेळी सगळीकडे पूर्ण लिहिलंय. आईनं फोनवर विचारलं, पालखीबरोबर किती चालावं लागेल आणि वाटेत बसायला जागा मिळते का. मिळते म्हणून सांगितलंय.